पुण्याहून विमानप्रवास: दोन विमानतळांमधले अंतर आणि लागणारा वेळ स्वतः कसा काढावा

पुण्याहून दिल्ली किती लांब आहे, असे घरात विचारले तर तीन माणसांकडून तीन उत्तरे येतात. कुणी रस्त्याचे चौदाशेहून अधिक किलोमीटर सांगतो, कुणी भ्रमणध्वनीवर पाहून साडेअकराशे म्हणतो आणि तिसरा थेट ‘दोन तास’ म्हणून मोकळा होतो. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जमिनीवरचे अंतर, दोन विमानतळांमधले हवाई अंतर, विमान हवेत असण्याचा वेळ, तिकिटावर छापलेला वेळ आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा वेळ या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रवास आखताना होणारे बहुतेक घोटाळे या पाचांपैकी एकीच्या जागी दुसरी धरल्यामुळे होतात, असे मी अनेक वर्षे नातेवाइकांच्या प्रवासाची आखणी करताना पाहत आले आहे. म्हणून हा हिशेब प्रत्येकाला कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करता यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी शाळेत शिकलेल्या भूगोलापेक्षा आणि त्रिकोणमितीपेक्षा अधिक काही लागत नाही.

कोणते दोन बिंदू?

हवाई अंतर शहरांमधले नसते, विमानतळांमधले असते. शनिवारवाड्यापासून लोहगावचा विमानतळ सरळ रेषेतही साडेनऊ-दहा किलोमीटर दूर आहे, त्यामुळे ‘पुणे’ म्हणून शहराच्या मध्याचे अक्षांश-रेखांश घेतले की सुरुवातीलाच तेवढी चूक पदरात पडते. दिल्लीच्या प्रवासात दहा किलोमीटरने फारसे बिघडत नाही. मात्र एकाच शहराच्या किंवा राज्याच्या नावावर दोन विमानतळ असतील, तर प्रश्न गंभीर होतो. गोव्याचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे. दाबोळीचा जुना विमानतळ दक्षिणेला आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेला मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. लोहगावहून दाबोळी सुमारे ३५५ किलोमीटर, तर मोपा सुमारे ३१५ किलोमीटर पडते. आकाशात या चाळीस किलोमीटरना तीन मिनिटे लागतात, पण मडगावला जाणारा माणूस चुकून मोपाला उतरला, तर रस्त्यावर त्याचा तासाभराहून अधिक वेळ जातो. म्हणून तिकिटावरील तीन अक्षरी संकेत पाहण्याची सवय लावावी. पुण्याचा संकेत ‘पीएनक्यू’ आहे, दाबोळीचा ‘जीओआय’ आणि मोपाचा ‘जीओएक्स’.

संकेत निश्चित झाला की त्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश मिळवावेत. नकाशाच्या कोणत्याही ॲपमध्ये धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून ठेवले की ते दिसतात. लोहगाव साधारण १८.५८ अंश उत्तर आणि ७३.९२ अंश पूर्व येथे आहे, तर दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्व येथे आहे. येथे एक चूक वारंवार होते. काही ठिकाणी हेच आकडे अंश, मिनिटे आणि सेकंद अशा रूपात दिलेले असतात. लोहगावचा अक्षांश १८ अंश ३४ मिनिटे ५६ सेकंद आहे. घाईत तो १८.३४ असा उतरवला जातो. वास्तविक एका अंशाची साठ मिनिटे असल्यामुळे ३४ मिनिटे ५६ सेकंद म्हणजे ०.५८ अंश होतात. ही एक नजरचूक विमानतळाला जागेवरून तब्बल सत्तावीस किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवते.

कागदावर अंतर काढणे

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११.२ किलोमीटर. हा आकडा पाठ करावा. उत्तर-दक्षिण दिशेला तो जवळजवळ सर्वत्र सारखाच राहतो. रेखांशाचे तसे नाही. सर्व रेखावृत्ते ध्रुवावर एकत्र येत असल्यामुळे विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, तसतसे दोन रेखावृत्तांमधले अंतर कमी होत जाते. किती कमी होते, हे त्या ठिकाणच्या अक्षांशाचा कोसाइन सांगतो.

आता पुणे-दिल्ली प्रत्यक्ष मांडून पाहू. अक्षांशांमधला फरक ९.९९ अंश आहे. त्याला १११.२ ने गुणले की सुमारे १,१११ किलोमीटर येतात. हा झाला उत्तरेकडचा भाग. रेखांशांमधला फरक ३.१८ अंश आहे. दोन्ही अक्षांशांची सरासरी २३.६ अंश येते आणि तिचा कोसाइन ०.९१६ आहे. म्हणजे ३.१८ गुणिले १११.२ गुणिले ०.९१६, बरोबर ३२४ किलोमीटर. हा पूर्वेकडचा भाग. पुढे पायथागोरसचा नियम लावावा. १,१११ चा वर्ग १२,३४,३२१ आणि ३२४ चा वर्ग १,०४,९७६, बेरीज १३,३९,२९७, तिचे वर्गमूळ १,१५७. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे धरून अधिक बारकाईने मोजले तर १,१५३ च्या आसपास उत्तर येते. चार किलोमीटरचा हा फरक प्रवाशाने सोडून द्यावा आणि ‘सुमारे १,१५५ किलोमीटर’ असे म्हणावे.

भ्रमणध्वनीतल्या गणकयंत्रावर कोसाइन काढण्यापूर्वी ते अंशांवर लावलेले आहे ना, हे अवश्य पाहावे. ते रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या मापावर, असेल तर २३.६ चा कोसाइन ०.०४ च्या आसपास दाखवतो आणि दिल्ली पुण्याच्या थेट उत्तरेला जाऊन बसते.

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरतात, आणि त्यामागचे कारण मला फार सुंदर वाटते: अक्षांशाचे एक मिनिट म्हणजेच एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. पुणे-दिल्लीमधला ९.९९ अंशांचा फरक साठने गुणला की ५९९ येतात. उत्तरेकडचा भाग तेवढे सागरी मैल भरतो, दुसरे कोणतेही कोष्टक लागत नाही. पूर्ण अंतर ६२४ सागरी मैल होते. परदेशी संकेतस्थळे नुसते ‘मैल’ म्हणतात, तेव्हा त्यांचा अर्थ बहुधा १.६०९ किलोमीटरचा जमिनीवरचा मैल असतो आणि त्या मापाने हेच अंतर ७१८ भरते. आकडे जुळत नसतील तर आधी माप कोणते आहे ते तपासावे.

वरील रीत सपाट कागदाची आहे, तरीही ती आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच दूरवर चालते. पुणे-दुबईसाठी ती २,०५३ किलोमीटर सांगते, तर गोलावरचे खरे अंतर सुमारे २,०५० आहे. सिंगापूरसाठी चूक बारा किलोमीटरच्या आसपास जाते. खरे अंतर सुमारे ३,८०० किलोमीटर आहे. युरोप-अमेरिकेसाठी मात्र ही रीत सर्वस्वी सोडून द्यावी. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, जातो आणि भिंतीवरच्या नकाशात तो वाकडा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. तो पश्चिमेला आफ्रिकेकडे न जाता उत्तरेकडे चढतो, मध्य आशिया आणि रशिया ओलांडतो आणि ग्रीनलँडच्या बाजूने अमेरिकेत उतरतो. ते सुमारे साडेबारा हजार किलोमीटर अंतर आहे. मुलांना हा दोरा एकदा स्वतःच्या हाताने ताणायला द्यावा.

अशा लांबच्या अंतरांसाठी हॅव्हरसाइन नावाचे सूत्र वापरतात आणि ते संगणकावरच्या तक्त्यात एकदा भरून ठेवले की कायमचे काम होते. अक्षांशांच्या फरकाचा निम्मा घ्यावा आणि त्याच्या साइनचा वर्ग करावा. रेखांशांच्या फरकाच्या निम्म्याचाही साइन घेऊन वर्ग करावा, त्याला दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या कोसाइनांनी गुणावे आणि तो गुणाकार पहिल्या वर्गात मिळवावा. बेरजेचे वर्गमूळ काढून त्याचा व्यस्त साइन रेडियनमध्ये घ्यावा, त्याची दुप्पट करावी आणि पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ किलोमीटरने, गुणावे. तक्त्यातील सूत्रे कोन रेडियनमध्ये मागतात, म्हणून अंशांना आधी ०.०१७४५ ने गुणून घ्यावे. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, त्यामुळे अंतर वाढत नाही का, असा प्रश्न एका भाचीने मला विचारला होता. वाढते, पण पुणे-दिल्लीच्या संपूर्ण प्रवासात जेमतेम दोन किलोमीटरने.

अंतरावरून वेळ

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ या जातीची विमाने ठरलेल्या उंचीवर पोहोचल्यानंतर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. म्हणून अंतराला ८३० ने भागून मोकळे होणे, ही सर्वांत सामान्य चूक आहे. विमान वर चढताना आणि खाली उतरताना हळू असते. शिवाय धावपट्टी जायच्या दिशेला असतेच असे नाही. लोहगावची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. दिल्ली उत्तरेला, किंचित पूर्वेकडे, सुमारे सोळा अंशांवर आहे. विमान वाऱ्याच्या तोंडाला उड्डाण करते, त्यामुळे ते पूर्वेकडे सुटो की पश्चिमेकडे, दिल्लीसाठी त्याला मोठे वळण घ्यावेच लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तिकिटावरचा वेळ हवेतला वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जाऊन जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. विमान कंपन्या त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत येणे हे सर्व त्यात येते. लोहगाव हा मुळात भारतीय वायुसेनेचा तळ आहे आणि नागरी विमाने तीच धावपट्टी वापरतात, त्यामुळे येथे उड्डाणासाठी थोडे थांबावे लागणे हे नवलाचे नाही.

हे सर्व लक्षात घेऊन मी वापरत असलेला हिशेब असा आहे: किलोमीटरना ८०० ने भागावे, त्याची मिनिटे करावीत आणि त्यात चाळीस मिनिटे मिळवावीत. दिल्लीसाठी १,१५५ भागिले ८०० म्हणजे ८७ मिनिटे. अधिक चाळीस, म्हणजे दोन तास सात मिनिटे. बेंगळुरू सुमारे ७२० किलोमीटर आहे. तेथे ५४ अधिक ४०, म्हणजे एक तास चौतीस मिनिटे. नागपूर सुमारे ६०५ किलोमीटर. एक तास पंचवीस मिनिटे. दुबईसाठी तीन तास चौदा मिनिटे येतात. वेळापत्रकातले आकडे यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांनी इकडे-तिकडे असतात. फरक त्याहून बराच मोठा दिसला, तर मध्ये कुठे थांबा आहे का ते पाहावे. ‘डायरेक्ट’ या शब्दाने येथे अनेकांची फसगत होते. उड्डाणाचा क्रमांक एकच असेल, तर मध्ये एखाद्या शहरात विमान उतरत असले तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. कुठेही न उतरणारे विमान हवे असेल तर ‘नॉनस्टॉप’ हाच शब्द शोधावा.

पंख्याच्या एटीआर ७२ विमानांसाठी हिशेब वेगळा करावा लागतो. त्यांचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असतो, पण ती कमी उंचीवरून उडतात आणि चढ-उतारात कमी वेळ घालवतात, म्हणून ५०० ने भागून तीस मिनिटे मिळवणे पुरते. पुण्याहून जळगाव सुमारे ३२० किलोमीटर आहे. एटीआरने ६८ मिनिटे येतात आणि जेट विमान असते तर ६४ आली असती. एवढ्या कमी अंतरावर विमान लहान आहे म्हणून नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही.

वारा आणि वळसा

जाताना लागलेला वेळ येताना लागत नाही, याचे मुख्य कारण वारा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, विमाने उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहत असतो. समजा, दुबईच्या वाटेवर समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा आहे. मग ८३० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ७५० उरतो आणि २,०५० किलोमीटरना १६४ मिनिटे लागतात. परतताना तोच वारा पाठीशी येतो, वेग ९१० होतो आणि १३५ मिनिटे पुरतात. सुमारे अर्ध्या तासाचा हा फरक कंपन्यांच्या वेळापत्रकातही दिसतो, म्हणून परतीचा वेळ नेहमी वेगळा पाहावा.

विमाने ठरलेल्या हवाई मार्गांवरून जात असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर कागदावरच्या अंतरापेक्षा थोडे अधिक भरते. कधीकधी मात्र वळसा फार मोठा होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून फिरून जावे लागले आणि त्यांचे वेळ वाढले. पुण्याहून दिल्लीमार्गे लंडनला जाणाऱ्याने असा बदल तिकीट काढताना तपासून घ्यावा.

कनेक्टिंग उड्डाण घेतले की वळसा आपण स्वतः पत्करतो. पुणे-कोलकाता थेट अंतर सुमारे १,५७५ किलोमीटर आहे. तेच दिल्लीमार्गे गेल्यास १,१५५ अधिक १,३१५, म्हणजे २,४७० किलोमीटर होते, आणि मधल्या थांब्याचे तास वेगळे. तिकीट स्वस्त मिळाले तरी हा हिशेब समोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

घड्याळ आणि तारीख

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा, विमान पुण्याहून रात्री ८.३० ला सुटते आणि दुबईत रात्री १०.१५ ला पोहोचते. वजाबाकी पावणेदोन तासांची दिसते. त्यात दीड तास मिळवला की खरा वेळ सव्वातीन तास येतो. परतीचे विमान दुबईहून रात्री ११.१५ ला निघून पुण्यात पहाटे ३.३५ ला उतरत असेल, तर चार तास वीस मिनिटांतून दीड तास वजा करावा. प्रवास दोन तास पन्नास मिनिटांचाच आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि काठमांडू पंधरा मिनिटे. लंडनचा फरक वर्षभर एक राहत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो साडेचार तास असतो आणि एरवी साडेपाच. हिशेबात गोंधळ होत असेल, तर सुटण्याची आणि पोहोचण्याची अशा दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणाबद्दल मी विशेष काळजीने लिहीत आहे, कारण आमच्या घरात हे घडलेले आहे. माझ्या मामेभावाच्या तिकिटावर १२ तारीख आणि ००.३५ अशी वेळ होती. तो बारा तारखेचा संपूर्ण दिवस घरी बॅगा भरत राहिला आणि रात्री जेवून साडेनऊला विमानतळावर पोहोचला. त्याचे विमान एकवीस तासांपूर्वी गेले होते. ००.३५ म्हणजे अकरा तारखेची रात्र संपून बारा तारीख लागल्यावरची पस्तीस मिनिटे. अशा तिकिटाच्या वेळी दिनदर्शिकेवर ‘अकरा तारखेला रात्री जेवून निघणे’ असे घरातल्या भाषेत लिहून ठेवावे.

घरापासून मुक्कामापर्यंत

देशांतर्गत उड्डाणाचे चेक-इन साधारण एक तास आधी बंद होते, म्हणून सामान असल्यास पावणेदोन ते दोन तास आधी पोहोचावे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास धरावेत. हा वेळ टर्मिनलच्या दारात पोहोचल्यापासून मोजावा, गाडीत बसल्यापासून नव्हे. कोथरूडहून लोहगाव सतरा-अठरा किलोमीटर आहे, पण पहाटे पाचला आणि सकाळी नऊला लागणाऱ्या वेळांत दुपटीचा फरक पडू शकतो, कारण नगर रस्ता आणि येरवड्याचा पट्टा कचेरीच्या वेळेत तुंबतो. मार्च २०२४ पासून मेट्रो वनाजहून थेट रामवाडीपर्यंत जाते. तेथून विमानतळ तीन-चार किलोमीटरवर आहे आणि रिक्षा किंवा बसने जाता येते. हातात एकच बॅग असेल तर गर्दीच्या वेळी हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल सुरू झाले आहे, तेव्हा जुन्या टर्मिनलच्या आठवणीवर विसंबून रिक्षावाल्याला दार सांगू नये. तिकिटावर किंवा ॲपमध्ये टर्मिनल पाहून घ्यावे.

आखणी नेहमी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. समजा, कोथरूडच्या प्रवाशाला दिल्लीत कॅनॉट प्लेसला दुपारी चार वाजता काम आहे. विमानातून बाहेर येणे, सामानाच्या पट्ट्यावर थांबणे आणि तिसऱ्या टर्मिनलहून एअरपोर्ट मेट्रोने वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्थानक गाठणे, यासाठी दीड तास ठेवावा. विलंबासाठी आणखी पाऊण तास. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे तो किमान तीन तास करावा आणि शक्य असल्यास आदल्या दिवशीच जावे. एरवी म्हणजे पावणेदोनला दिल्लीत उतरायला हवे. सव्वादोन तासांचा ब्लॉक टाइम धरला तर विमान पुण्याहून साडेअकराला किंवा त्याआधी सुटणारे हवे. पावणेदहाला टर्मिनलच्या दारात आणि त्यासाठी, वाटेत कचेरीची गर्दी असल्यामुळे, साडेआठला घराबाहेर.